खाली वेळ हळू जातो

प्रिय ताई,

पक्की बातमी अशी की विहारातला तुझा रविवारचा वर्ग अजून बंद झालेला नाही. त्याला आणखी एक रविवार मिळाला आहे. विहार समितीचे सचिव मेश्रामजी यांनी आज सकाळी आपल्या फाटकाशी उभं राहून याला दुजोरा दिला. आत या म्हटलं तर आले नाहीत. "सुजाताताई, एक इतवार और. मग कमिटी बसेल आणि काय ते ठरवेल," एवढं बोलले आणि स्कूटर वळवून गेले.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "काहून वं सुजे, बहिणीला पत्र लिहून राहिली का पेपरात बातमी देऊन राहिली?" काय करू! हिंदी दैनिकाच्या डेस्कवर हयात गेली. सगळ्यात ताजं ते आधी, आणि कोणी सांगितलं ते लगेच त्याच्यापुढे. लिहायला बसलं की हात तिकडेच जातो.

आणि तू हेही विचारलं असतंस की पत्र टाकशील कुठे? आपल्या घरात आत्मा नाही, पुनर्जन्म नाही, श्राद्ध नाही. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा ते सगळं ओझं नागपूरलाच ठेवून आले. तू गेलीस तेव्हा पुण्यानुमोदन झालं, भंतेजींनी अनित्यतेबद्दल सांगितलं, लोक जेवले आणि आपापल्या घरी गेले. तेव्हा हे पत्र तुला मिळणार नाही हे मला पुरतं माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण मला येत्या रविवारपर्यंत एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती विचारावी असं दुसरं माणूस माझ्याकडे नाही.

तुझं नाव कौसल्या, माझं सुजाता. तू दीक्षेच्या आधीची, मी नंतरची. आपल्या घराचा सगळा इतिहास या दोन नावांत आला. मुलांना त्याच्याशी काय! त्यांच्यासाठी तू बड़ी दीदी आणि मी छोटी दीदी. चौसष्ट वर्षांची छोटी! आता बड़ी कोणी उरली नाही, तरी मला अजून छोटीच म्हणतात. मोठेपणाची जागा तू रिकामी करून गेलीस आणि ती तशीच रिकामी आहे.

रविवारी काय होतं सांगू? दहा वाजता तू निघायचीस आणि मी वरच्या खोलीत नागपूरच्या पेपरातला माझा स्तंभ लिहायला बसायचे. बारा-साडेबाराला फाटक वाजायचं. साडीच्या निऱ्यांना खडूची पूड, हातात कोणीतरी दिलेली कढीपत्त्याची जुडी, आणि पायरीवरूनच तुझा आवाज: "सुजे, आज त्यांनी मला पकडलं वं!" मुलांनी असा प्रश्न विचारला की तुला उत्तर देता आलं नाही, की तो रविवार तुझ्या मते चांगला गेला. शाळेत तू आयुष्यभर फिजिक्सचा अभ्यासक्रम शिकवलास. निवृत्तीनंतर विहारातल्या या वर्गात तुला फक्त 'का' शिकवायचं होतं.

आता बारा वाजतात. फाटक वाजत नाही. स्तंभ वेळेत जातो, कदाचित पूर्वीपेक्षाही वेळेत. पण आज कोणी कोणाला पकडलं, हे सांगायला कोणी येत नाही.

तुझ्यानंतर हॉल काही रविवार रिकामा राहिला. मग मेश्रामजींनी बैठकीत विषय काढला की स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मोठ्या मुलामुलींना बसायला जागा नाही, रविवारचा हॉल त्यांना द्यावा. यात चूक काय आहे? त्या मुलांनाही नोकऱ्या लागायला पाहिजेत. पण माझ्या तोंडातून निघून गेलं, "वर्ग मी घेते." मेश्रामजींनी अगदी अदबीने विचारलं, "पर ताई, आप तो आर्ट्सवाली हैं ना?"

तू मला फिजिक्स शिकवायचा प्रयत्न काही कमी केला नाहीस. आठवतं का, वरच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ सारखं पुढे जायचं? मी कुठेतरी वाचलं होतं की उंचावर घड्याळ जोरात चालतं, खाली हळू. मोठ्या उत्साहाने जिना उतरून तुला सांगायला आले: "ताई, बघ, आपल्या घरातच सिद्ध झालं!" तू कुकरची शिट्टी मोजत होतीस. म्हणालीस, "ते ग्रॅव्हिटी नाही. ते स्वस्तातलं घड्याळ आहे."

मग जेवताना नीट सांगितलंस. जमिनीजवळ वेळ हळू जातो आणि वर थोडा लवकर, हे खरंच आहे. मोबाइलमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, त्यांच्या घड्याळांना यासाठी दुरुस्ती करावी लागते. पण आपल्या दोन मजल्यांतला फरक इतका बारीक की अख्ख्या जन्मात सेकंदाचा दहा लाखावा भागही भरणार नाही. "तरी आहे बरं का," असं म्हणून तू माझ्या ताटात भात वाढलास. "तू वर झोपते, मी खाली. तू माझ्यापेक्षा लवकर म्हातारी होऊन राहिली."

मग आधी तू कशी गेलीस, ताई? हिशेब तर माझ्याकडे बोट दाखवत होता ना?

तुझं-माझं भांडण नेहमी एकाच गोष्टीवरून. तुला गोष्ट लांबवायची असायची आणि मला छाटायची. गुरुत्वलहरी सापडल्याची बातमी आली, तो दिवस आठव. डेस्कवर धावपळ होती. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याने अवकाशच ताणलं-आखडलं गेलं, आणि तो ताण पृथ्वीवरच्या यंत्राने मोजला. मी तुला फोन केला, "ताई, दोनशे शब्दांत सांग." तू म्हणालीस, "दोनशे शब्दांत मी चहा कसा करायचा ते पण नाही सांगणार." शेवटी आमच्याकडे मथळा लागला: 'ब्रह्मांड डोला'. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर हातात घेऊन तू माझ्या खोलीत आलीस. "डोला? झोपाळा आहे का? अणूच्या गाभ्यापेक्षाही कितीतरी बारीक फरक पडला, तो मोजायला माणसांनी आयुष्यं घातली, आणि तुमचं ब्रह्मांड डोला!" मी म्हटलं, "वाचक थांबला पाहिजे ना." तू म्हणालीस, "मथळ्यावर थांबला. पुढे गेला का?"

त्या प्रश्नाला मी तेव्हा हसले होते.

शेवटच्या वर्गात तू मुलांना काय विचारलंस, ते मला मुस्काननेच सांगितलं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांची नात, आठवीतली, जिच्याबद्दल तू म्हणायचीस, "ही पोरगी हात वर करते तेव्हा मला भीती वाटते." तू खडू हातातून सोडलास आणि विचारलंस, "हा खालीच का आला?" सगळे एका सुरात ओरडले, "ग्रेविटी!" तू म्हणालीस, "ते नाव झालं. कारण सांगा." कोणालाच सांगता आलं नाही. "अगले संडे," असं म्हणून तू खडू उचललास. पुढच्या रविवारी तू दवाखान्यात होतीस. मुलं हॉलमध्ये बसून राहिली आणि मग उठून गेली.

असं मधेच कोणी सोडून जातं का? निदान एक ओळ तरी सांगून ठेवायची! मुस्कान मला भाजीच्या गाडीवर भेटली तरी तेच: "बड़ी दीदी ने बोला था अगले संडे."

दवाखान्यातली ती दुपारही तुला सांगून ठेवते, कारण त्या वेळी तू गुंगीत होतीस आणि कदाचित तुझ्या लक्षात राहिली नसेल. नाकात नळी होती. मी विचारलं, "ताई, तुझ्या त्या अवकाशकाळात मागचं सगळं जिथल्या तिथे असतं ना? म्हणजे आई-बाबा, चेरीतालची आपली लहानपणची खोली, तो नळ, सगळं?"

तू डोळे उघडलेस. "काही लोक तसं मानतात."

"तू?"

"सगळे क्षण एका नकाशावर काढता येतात, एवढं गणित सांगते." मधे दम खाल्लास. "नकाशात गाव आहे म्हणून तिथं जायला गाडी असते असं नाही."

तू माझ्याकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "दिलासा पाहिजे तर दिलासा माग ना वं. फिजिक्स काहून मागून राहिली?"

"बरं. मग दिलासा दे."

तू मला पलंगावर टेकता यावं म्हणून हळूहळू, नळ्या सांभाळत, थोडी बाजूला सरकलीस. बस, एवढंच.

तर आता गेल्या रविवारचं. माझा पहिला वर्ग. मी आठवडाभर वाचलं. चार ठिकाणचं ताडून पाहिलं. आणि मग मला जे येतं तेच केलं: पहिल्या वाक्यात सगळं सांगितलं. उभी राहिले आणि म्हणाले की गुरुत्वाकर्षण ही ओढ नाहीच. जड वस्तूंमुळे अवकाश आणि काळ वाकतात, आणि त्या वाकलेल्या अवकाशकाळात वस्तू आपल्या सरळ वाटेनेच जात असतात, त्यालाच आपण पडणं म्हणतो. शंभर वर्षांपूर्वी हे मांडलं गेलं आणि सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश वाकलेला बघून त्याला दुजोरा मिळाला. वाक्य चांगलं होतं, ताई! डेस्कवर असतं तर एक शब्द कोणी हलवला नसता.

मागच्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. मला आनंद झाला. तो म्हणाला, "छोटी दीदी, अब घर जाएँ?"

बातमीचा नियमच असा आहे की वाचकाने कुठेही वाचणं सोडलं तरी चालावं, महत्त्वाचं त्याच्याकडे पोचलेलं असावं. मुलांनी तो नियम पाळला. पहिल्या वाक्यानंतर सोडून दिलं.

मी घाईघाईने पिशवीतून चादर काढली. हो, तीच युक्ती, तुला राग येणारी! चार मुलांना चार टोकं धरायला लावली, मधे संत्रं ठेवलं, आणि काचेची गोटी सोडली. गोटी घरंगळत संत्र्याकडे गेली. मी विजयी मुद्रेने बघितलं. मुस्कानने हात वर केला, आणि मला तुझी भीती कळली.

"दीदी, चादर दबी क्यों?"

"संत्र्याच्या वजनाने."

"वजन मतलब ग्रेविटी ना?"

"हो."

"तो ग्रेविटी से ग्रेविटी हो रही है?"

सगळे हसले. तू हेच म्हणत होतीस गं! गुरुत्वाकर्षण समजवायला चादरीखाली गुपचूप गुरुत्वाकर्षणच बसवायचं, हे तुला आवडत नव्हतं. मला ते अगदी शब्दासकट आठवलं, पण संत्रं चादरीत ठेवून झाल्यावर. एकाने ते संत्रं सोलायला सुरुवात केली. मी वर्ग सोडला.

बाहेर अंगणात मेश्रामजी उभेच होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची तालीम त्यांना घ्यायची होती, माझ्या वर्गामुळे खोळंबली होती. तुला त्यांची पद्धत माहीत आहे. रांगा सरळ राहाव्यात म्हणून प्रत्येक रांगेला एक लांब बांबू देतात. शेजारी-शेजारी उभं राहून सगळ्यांनी छातीशी बांबू धरायचा, कोणी सोडायचा नाही, आणि बांबूसकट चालायचं. दरवर्षी गोरखपूर मोहल्ल्यातल्या बाजारातून जाताना लोक आपल्या रांगांकडे बघून म्हणतात, काय सरळ आहेत! त्या सरळपणाचा मेश्रामजींना फार अभिमान.

मी पायरीवर बसून चपला घालत होते. मुलांची रांग विहाराच्या दारापासून निघाली आणि समोरच्या फाटकाकडे जाण्याऐवजी हळूहळू उजवीकडे, पाण्याच्या टाकीकडे वळली.

"अरे, टंकी पे चढ़ोगे क्या?" मेश्रामजी ओरडले. "सीधे चलो!"

"काका, सीधे ही चल रहे हैं!"

"सीधे? ये सीधा है? कोण ढकलून राहिलं?"

"कोई नहीं ढकेल रहा, काका! अपने आप मुड़ रही है!"

परत सुरुवातीपासून. परत टाकीकडे. मेश्रामजींनी कपाळाला हात लावला. मी बघत होते. रांगेच्या उजव्या टोकाला छोटी पिहू होती. तिच्या चपलेचा अंगठा निघाला होता, ती पाय घासत चालत होती. तिची पावलं लहान पडत होती. डावीकडचे मोठे मुलगे नेहमीच्या चालीने चालले होते. बांबू कोणी सोडत नव्हतं. आणि अख्खी रांग पिहूच्या बाजूला वळत होती.

ताई, मी उठून उभी राहिले. मला वाटतं, इतकी वर्षं तुझ्यासोबत एका घरात राहून जे शिकले नव्हते ते तेव्हा शिकले. मी काही सांगितलं नाही. मी विचारलं.

"कोणी ढकललं?"

"नहीं."

"कोणी ओढलं?"

"नहीं."

"मग रांग वळली कशी?"

पिहूला वाटलं तिला रागावतात, ती रडवेली झाली. मुस्कानने तिच्या पायाकडे बघितलं. "ये धीरे चल रही है. एक कोना धीरे चलेगा तो लाइन उसी तरफ मुड़ेगी."

"दोष कोणाचा?"

"किसी का नहीं. सब सीधे ही चल रहे हैं."

मी मेश्रामजींकडून बांबू मागितला. त्यांनी कपाळाला आठ्या घालून दिला. मी तो जमिनीवर उभा टेकवला. म्हटलं, आता ही रांग आडवी नाही, उभी आहे असं समजा. एक जण वर आहे, एक जण अगदी खाली, जमिनीजवळ. आणि सगळे चालले आहेत. कुठे? समोर नाही. उद्याकडे.

"कल की तरफ?"

हो. काहीच न करणारा दगडसुद्धा आजकडून उद्याकडे चाललेलाच असतो. थांबून कोणीच राहत नाही. आता, वर वेळ थोडा लवकर जातो आणि खाली हळू. घड्याळं लावून मोजलेलं आहे, बड़ी दीदीने तुम्हाला सांगितलंही असेल. म्हणजे खालच्याची पावलं लहान.

मी तिथे थांबले. तुझी शपथ, थांबले! वाक्य तोंडात तयार होतं. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, आणि मी ते सांगितलं नाही. मला वाटतं, माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी इतकं कठीण काम केलेलं नाही.

मुस्कान बांबूकडे बघत होती. वरच्या टोकाकडे, मग खालच्या. पिहूने तुटकी चप्पल हातात घेतली होती.

"तो लाइन नीचे मुड़ेगी," मुस्कान हळूच म्हणाली. मग एकदम मोठ्याने: "दीदी! मतलब चीज़ें नीचे इसलिए आती हैं कि नीचे टाइम धीरे चलता है? कोई खींचता ही नहीं?"

अंगणात गोंगाट झाला. कोणाला पटलं, कोणाला नाही. दोघे बांबू उभा करून भांडू लागले की वरचा कोण आणि खालचा कोण. घरी जाऊ का विचारणारा तो मुलगा पिहूच्या बाजूला जाऊन मुद्दाम हळू चालून बघत होता. मेश्रामजींची तालीम बुडाली. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मेरी तो लाइन बिगाड़ दी आपने." पण जाताना बांबू परत मागितला नाही. आज सकाळी तो एक रविवार मिळाला, तो यामुळेच.

मी घरी आले. बारा वाजून गेले होते. फाटक मीच उघडलं आणि पायरीवरून मोठ्याने म्हटलं, "आज त्यांनी मला पकडलं!" शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी खाली वाकून विचारलं, "जी? कुछ कहा?" मी म्हटलं, नाही, काही नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तू त्या बारा वाजताच्या पायरीवर काय घेऊन यायचीस. आणि मी वरून ओरडायचे, "ताई, दहा मिनिटं, मजकूर पाठवते मग बोलू." तुझा आवाज दहा मिनिटं खाली थांबायचा. चिडायचीस का गं? कधी बोलली नाहीस.

आता खरा प्रश्न. ज्यासाठी लिहायला बसले तो.

तू हेच सांगणार होतीस का? त्या 'अगले संडे'ला तुझ्या मनात ही रांगच होती, की दुसरं काही, याहून साधं, याहून बरोबर? माझ्या धंद्यात एकाने सांगितलेली गोष्ट छापत नाहीत, दुसरीकडून दुजोरा घेतात. विज्ञानाचं काहीही लिहिलं की माझा दुजोरा तू होतीस. जिन्यावरून हाक मारायची, "ताई, हे बरोबर आहे का?" आणि खालून उत्तर यायचं. पुस्तकं आहेत, चाळून झाली; माझी समजूत त्यांच्याशी जुळते असं वाटतं. पण पुस्तक "हो वं, बरोबर" असं म्हणत नाही.

आणि कुठलीही उपमा दिली की तू विचारायचीस, ही मोडते कुठे? प्रत्येक उपमा कुठेतरी मोडतेच, ते ठिकाण माहीत पाहिजे. माझी मोडली, ताई. निघता निघता मुस्कानने मोडली.

"दीदी, पर पत्थर तो अकेला है. उसकी लाइन कहाँ है?"

मी तिला म्हटलं, "अगले संडे."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. एकट्याला कुठलं आलं डावं टोक, उजवं टोक? त्याच्या शेजारी बांबू धरायला कोण आहे? तो कोणामुळे वळेल? फिरायला जाते तेव्हा हाच विचार. महाराजपुरातला आपला नेहमीचा रस्ता, कॉलनीच्या मागून तळ्याकडे जाणारा. तू रस्त्याच्या आतल्या बाजूला चालायचीस, मी बाहेरच्या. अजूनही मी बाहेरच्या बाजूलाच चालते, आतली जागा सोडून. लोकांना वाटत असेल, म्हातारी गाड्यांच्या बाजूने काहून चालते?

परवा मात्र मी रस्त्याच्या मधोमध थांबले. सहज म्हणून डावं पाऊल जरा लहान टाकून बघितलं आणि उजवं नेहमीचं. परत डावं लहान. दहा-बारा पावलांत मी रस्त्याच्या कडेला, गवतात! परत केलं. परत गवतात. दूधवाल्याने गाडी थांबवली. "क्या हुआ आंटी, कुछ गिर गया क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, मुड़ रही हूँ." त्याने माझ्याकडे काळजीने बघितलं आणि गेला.

म्हणजे एकटं माणूसही अगदी बिंदूसारखं एकटं नसतं. त्यालाही रुंदी असते, एक पाऊल या बाजूला, एक त्या बाजूला. दगडालाही खालची बाजू आणि वरची बाजू असते. मग रेतीच्या कणाचं काय? त्याहून बारीक काही असेल तर त्याचं काय? तिथे माझी उपमा पुन्हा मोडते, आणि त्यापुढचं मला येत नाही. तुला येत असणार. तू एक घोट चहा घेऊन म्हणाली असतीस, "हां, आता विचारलं कामाचं."

तेव्हा तुला शब्द देते. जे माहीत नाही ते मी मुलांना माहीत असल्यासारखं सांगणार नाही. त्यांनी विचारायच्या आत उत्तर देणार नाही. मुस्कानला सांगेन की माझी वाट इथपर्यंतच आहे, पुढची आपण दोघींनी वाचून शोधायची. आणि कमिटीने हॉल दुसऱ्यांना दिला तरी वर्ग बंद करणार नाही. अंगण आहे, आपला ओटा आहे, शेवटी तो तळ्याकडचा रस्ता आहे. तुझा वर्ग मी दिलाशासाठी चालवत नाही, हे मात्र आज तुला छातीठोकपणे सांगता येत नाही. त्याचं बघू.

पुढे असं अपेक्षित आहे. रविवारी दहा वाजता मुलं येतील. किती, ते सांगता येत नाही. बारा वाजता कमिटीची बैठक आहे, मेश्रामजींनी वेळ कायम केली आहे. त्याआधी मी सगळ्यांना अंगणाच्या कडेला बसवणार आहे. मुस्कानला विहाराच्या दारात उभी करेन, हातात बांबू न देता, शेजारी कोणी न ठेवता, आणि तिला सांगेन की फाटकाकडे चाल, एक पाऊल जरा लहान टाकत. ती एकटी चालेल. कुठे वळते, ते सगळे मिळून बघू.

तुझी,
सुजा